सरांच्या तारुण्याचं गुपित

"वहिनी, सरांच्या तारुण्याचं गुपित आज तुम्हीच सांगा!" निवेदिकेने माईक शैलजासमोर धरला. शेजारी डॉक्टर रणदिवे कौतुकाने हसले. वय मागे नेणाऱ्या त्यांच्या सलाइनच्या आशेने सभागृह खचाखच भरलं होतं.

याच सलाइनच्या भरवशावर त्यांनी शैलजाच्या धाकट्या भावाला रक्तदाबाच्या गोळ्या सोडायला लावल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. तेव्हापासून ती या माईकची वाट पाहत होती.

"सलाइन यांनी स्वतः कधीच घेतलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "हे रोज चालायला जातात आणि न चुकता रक्तदाबाची गोळी घेतात. माझ्या भावाची गोळी मात्र यांनी बंद केली आणि तो मेला. तुमच्यापैकी कुणी सोडली असेल, तर आजच दुसऱ्या डॉक्टरांकडे जा."

एकच आरडाओरडा झाला. मागच्या दाराने कसेबसे गाडीत शिरलेले रणदिवे तिच्यावर ओरडले. "शैला, माझं आयुष्य संपवलंस तू!"

"छे हो," पदर सारखा करत ती म्हणाली. "तुम्ही चांगली शंभर वर्षं जगा. एवढ्या लोकांना तोंड द्यायचंय तुम्हाला."