घरचा अभ्यास

नातीच्या कानांना मशीन बसलं, तेव्हा कर्णबधिर मुलांच्या बालवर्गातल्या बाईंनी आईला आणि आजीला समोर बसवून सांगितलं, "नुसतं तिच्याशी बोलून भागणार नाही. तिच्यासमोर तुम्ही एकमेकींशीही भरपूर बोला. मुलं ऐकूनच भाषा शिकतात."

या सासू-सुनेचा अबोला पोरीच्या जन्माआधीपासूनचा होता. पण पोरीसाठी दोघींनी तोही सोडला. पहिल्या दिवशी नळ उघडा राहण्यावरून सुरुवात झाली, मग भाजी चिरण्यावरून, मग थेट माहेरावरून. बाबा दार लावून बसू लागले. पोरगी मात्र मधोमध बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत मन लावून ऐकायची.

वर्ष झालं तरी वर्गात ती एकेका शब्दापुढे जाईना. शेवटी बाईंनी दोघींना बोलावलं आणि पोरगी काही बोलते का ते बघायला त्यांच्यासमोर तिच्या हातातली बाहुली हळूच काढून घेतली.

पोरीने कमरेवर हात ठेवले. "घ्या, सगळं तुम्हीच घ्या. माझं मेलीचं कोण ऐकतंय या घरात?"

आई आणि आजीने माना खाली घातल्या. बाईंचे डोळे भरून आले.



"घरी जे काही करताय ना," त्या म्हणाल्या, "ते अजिबात थांबवू नका."