दोघांनी ओढायचं दार

"गुडघे दुखायलेत रे. तुम्ही दोघंच जा आत," म्हणत सुमतीबाई खुर्चीत टेकल्या, आणि शरणबसवनं त्यांच्या दोन्ही मुलांच्या पाठीमागं भूतबंगल्याचं दार लावून टाकलं.

कलबुर्गीतला हा खेळ शरणबसवच चालवायचा. आतली कोडी सोडवल्याशिवाय सुटका नाही. सुमतीबाईंनी फोनवर एकच चौकशी केली होती, शेवटचं दार एकट्यानं उघडतं का? नाही, दोन टोकांच्या दोन कड्या दोघांनी एकदम ओढाव्या लागतात. त्यांना तेवढंच हवं होतं.

नवरा, अच्युतराव, गेल्यापासून संकर्षण आणि नीलेश एकमेकांशी बोलत नव्हते. औरादच्या घरावरून बिनसलं ते बिनसलंच. महिनाभर थोरल्याकडं, महिनाभर धाकट्याकडं राहून सुमतीबाई इकडचे निरोप तिकडं पोचवायच्या. आपले डोळे मिटायच्या आधी पोरांनी एकमेकांना हाक मारावी, यासाठी त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

समोरच्या पडद्यावर आतलं दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. दोघं दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून उभे. तेवढ्यात छतातून सांगाडा कोसळला आणि नीलेशनं भावाचा हात गच्च धरला. लहानपणी अंधारात माळवदावर जाताना धरायचा, तसाच. संकर्षण हसला. मग नीलेशही.

दोघं तिथल्या खोट्या शवपेटीवर बसून बोलायला लागले.

"अक्का, कोडं सोडून गप्पाच मारायलेत की," शरणबसव म्हणाला. "दुसरं भूत सोडू का?"

"नको रे बाबा! बोलू दे त्यांना."

नीलेश डोळे पुसत होता. संकर्षणनं त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी समजावलं. नीलेशनं मान हलवली. सुमतीबाईंना भरून आलं. बघा तुमची पोरं, असं त्यांनी मनातल्या मनात अच्युतरावांना सांगितलं.

मग दोघांनी मिळून कोडी सोडवली, एकदम कड्या ओढल्या, दार उघडलं.

"दादा, जपून. पायरी हाय," नीलेश म्हणाला.

दादा! सुमतीबाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"आई, रडायलीस कामून?" संकर्षण त्यांच्याजवळ बसला. "मिटलं आमचं. एकमत झालं."

"घराचं ना रे?"

नीलेशनं आईचा हात हातात घेतला.

"घराचं भांडण नव्हतंच, आई. तुला कुणी ठेवून घ्यायचं, त्याचं होतं. आता दादानं बीदरला एक वृद्धाश्रम बघितलाय."