ग्रुपवरची श्रद्धांजली

मानवतला राहणाऱ्या जुन्या मित्राचं, सटवाजीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि सूर्यभानरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्याआधी सटवाजीच्या वाढदिवसाचा फोटो गावच्या ग्रुपवर पडला, त्याखाली कुणीतरी चुकून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि वरचं पाहून सगळ्यांनी तेच लिहिलं. सूर्यभानरावांनीही. ‘तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलंना,’ सटवाजीनं पत्रात म्हटलं होतं. ‘तू तरी ग्रुपवर सांग, मी हाय म्हणून.’ सूर्यभानरावांना ती थट्टा वाटली होती, आणि स्वतःची थोडी लाजही.

आज सूर्यभानरावांचा वाढदिवस. सून ज्ञानेश्वरीनं ग्रुपवर फोटो टाकला. पहिली श्रद्धांजली शेजारच्या बजरंगची आली, मग रांगच लागली.

हसत हसत ते बजरंगच्या ओट्यापाशी गेले. “लेका, वाढदिवस हाय माझा! आत्ताच मारायलास व्हय मला?”

बजरंगनं मोबाइलमधून मान वर केली नाही. “काका लय साधे होते,” तो बायकोला म्हणाला.

“कुणाला तरास न्हाई दिला कधी,” ती म्हणाली.

ते घाईनं घरी आले. “ज्ञानेश्वरी, च्या टाक गं.”

ज्ञानेश्वरीनं पदरानं डोळे पुसले, चहा गाळला आणि त्यांचा कप उचलून परत फळीवर ठेवला.

मोबाइलवर त्यांनी एकेक अक्षर जपून लिहिलं: ‘सटवाजी जिवंत आहे. मीही आहे.’ पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवलं.

ग्रुपवर त्यांच्या नावानं उमटलं: ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’