थेंबातली माळ

शिंपलेवालीने बादली प्रयोगशाळेच्या टेबलावर दाणकन आदळली. खारं पाणी केमिस्ट बाईंच्या कागदांवर उडालं.

"किनारा बंदची पाटी तुमच्या सहीची ना? आता तुमच्यासमोरच खाऊन दाखवते. जिवंत आहेत सगळे. वास घ्या हवं तर."

"वास येणार नाही, मावशी. चवही बदलत नाही. उकळले तरी विष जात नाही."

"चाळीस वर्षं त्याच खडकांवर पोट भरतंय माझं. मला शिकवता?"

बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची. मासळी, कोळंबी, शिंपले वाटायचे, अर्क काढायचा, यंत्रात घालायचा, विषाचा आकडा लिहायचा. आकडा वाढला की किनारा बंद आणि बाईंच्या नावाने शिव्यांची लाखोली. कालचा आकडा मर्यादेच्या नऊपट होता. त्यांनी तो तीनदा तपासला होता. पण आकड्याने हिची समजूत पटणार नव्हती.

शेजारच्या टेबलावर समुद्राचं पाणी तपासणारा सहकारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. बाईंनी त्याला उठवलं.

"आधी हे बघा, मावशी. तुमच्याच खडकांजवळच्या पाण्याचा थेंब आहे."

शिंपलेवालीने कुरकुरत डोळा लावला.

"अगं बाई," ती पुटपुटली, "माळ पोहतेय की हो! मण्याला मणी जोडलेला. सापासारखी वळतेय."

"एकेक मणी म्हणजे एकेक जीव. शिंपले दिवसभर पाणी गाळतात आणि हे गिळतात. त्यांना काही होत नाही, पण विष त्यांच्यात साठतं. माणसानं ते खाल्लं की आधी ओठ बधिर होतात. मग हातपाय. मग श्वास."

"एवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

"गेल्या आठवड्यात तर आम्ही पोटभर खाल्ले."

"तेव्हाच्या पाण्यात हे नव्हतं."

शिंपलेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कमरेचा फोन काढला. ओल्या बोटांनी नंबर दोनदा चुकला.

"सूनबाई, पातेलं उतरव! कुणी खाल्ले का? पोरांनी? नक्की ना? सगळं खड्ड्यात पुर. रस्सासुद्धा. कुत्र्यालाही घालू नकोस."

ती मटकन स्टुलावर बसली. "ताटं मांडली होती म्हणे," एवढंच बोलली.

बाईंनी तिला पाणी दिलं. मग त्या स्वतः भिंगाशी वाकल्या. त्यांचं काम आकड्यांचं. इथे डोळा लावायची वेळ कधी आलीच नव्हती. भिंगाखालच्या उजेडात माळ संथ वळत होती, सोनेरी, अखंड, कसलीच घाई नसल्यासारखी. सव्वीस वर्षं जिचा आकडा लिहिला, ती इतकी देखणी असेल? बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही.

कुणीतरी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

"बाई, सरा ना जरा," शिंपलेवाली म्हणाली. झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा तिचा आवाज हळू झाला होता. "मला अजून एकदा बघू द्या."