पासष्ट किलो

"सिस्टर, इंजेक्शन थांबवा!"

आवाज लेकीचा आहे, हे खाटेवर पडलेल्या कंपाउंडरकाकांनी डोळे न उघडताच ओळखलं. ती याच इस्पितळात फार्मासिस्ट होती. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. धापा टाकत आली होती आणि काखेत वजनकाटा होता. काटा दिसताच काकांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

राउंडवरचे डॉक्टर वैतागले. "मॅडम, तुमच्याच गणितात किडनीचा आकडा छप्पन्न आलाय. पन्नासच्या वर पूर्ण डोस. आता काय झालं?"

"सर, गणित कागदावरच्या पासष्ट किलोवर केलं होतं. त्यावरचं नाव आत्ता पाहिलं, तर बाबांचं. हे वजन कुणी मोजलेलं नाही, बाबांनी सांगितलंय. खरं वजन कमी निघालं तर किडनीचा आकडाही उतरतो. मग हे औषध अंगात साचेल आणि आहे ती किडनीही जाईल."

"म्हणजे स्वतःच्या वडिलांना खोटं ठरवताय?"

लेकीचा चेहरा पडला. पण काटा तिने जमिनीवर ठेवलाच.

काका एके काळी चांगले धिप्पाड होते. म्हातारपणी शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले, तेव्हापासून त्यांनी काट्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सिस्टरने वजन विचारलं तेव्हा जुनाच आकडा ठोकून दिला होता. आता अख्खा वॉर्ड टकामका बघत होता. 'पासष्टच आहे' म्हणून अडून बसलं की त्यांची अब्रू राहणार होती, आणि लेकीचं हसं होणार होतं.

काका उठले. सिस्टरचा हात धरून काट्यावर चढले.

त्रेचाळीस.

लेकीने उभ्या उभ्या आकडेमोड केली. किडनीचा आकडा सदतीस. डॉक्टरांनी कागद ओढून घेतला, स्वतः करून पाहिलं आणि डोस खोडून निम्मा लिहिला. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाले.

काकांना इतका अभिमान वाटला की त्या हडकुळ्या छातीत तो मावेना. त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. तीन-चार जण हळूच पांघरूण ओढून भिंतीकडे वळत होते. चाळीस वर्षं रोग्यांत काढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

"तोंडं काय लपवताय?" काका काट्यावरूनच कडाडले. "ज्याने ज्याने थाप मारलीय, त्याने मुकाट्याने खाली उतरायचं. माझी लेक थांबलीय!"