पाचवा जोड

"हेपण चावतात गं," म्हणत सासूबाईंनी गमबुटांचा चौथा जोड परत केला, तशी वृषालीच्या कपाळाला आठी पडली.

मनालीच्या वाटेवर बर्फाचं सामान भाड्यानं देणारं ते दुकान. स्नोमोबाईलवर बसायचं म्हणून नवऱ्याचा सूट, मुलांचे हातमोजे, हेल्मेट निवडून ती पार थकली होती. अखेर सासूबाईंना पाचवा जोड पसंत पडला. मग तिनं स्वतःसाठी बूट मागितले, तर तिच्या मापाचे संपले होते.

"तुम्ही जाऊन या. मी गाडीत पडते," ती पुटपुटली.

सासूबाईंनी पायातले बूट काढून तिच्यापुढे सरकवले. शालीखालून वृषालीची दाराशी काढलेली चप्पल बाहेर आली.

"मला कुठं बसायचंय त्या बर्फातल्या गाडीवर! हिच्याशी माप जुळवून तुझ्यासाठीच शोधत होते. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते घ्यायची खोड तुझी. रोज जेवताना बघते ना मी!"