गीझरचा धागा

"गीझर लावला की ब्रेकर पडतो, काय करू?" इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्यांच्या फोरमवर शिरीष नावाच्या नव्या सभासदाने विचारलं होतं. खाली भालेराव सरांचं उत्तर होतं, "ते ब्रेकर उगाच पडतात. काढून टाका आणि गीझर थेट जोडा." सर फोरमवरचे सगळ्यांत जुने, मानाचे सभासद. उत्तराला भराभर अंगठे मिळत होते.

चर्चांवर देखरेख ठेवणाऱ्या यशोधराने तो धागा, म्हणजे ती चर्चा, बंद केला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, "पाण्यात करंट उतरत असेल. ब्रेकर काढू नका. गीझर बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा."

"आता सरांना शिकवणार का?" दुसऱ्या धाग्यांवर कुरकुर सुरू झाली.

संध्याकाळी शिरीषचा निरोप आला. "मॅडम, मी गीझर थेट जोडला होता. बायको आंघोळीला निघाली, तेवढ्यात तुमची सूचना वाचली आणि मेन स्विच बंद केला. गीझरची कॉइल फुटली होती, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला."

यशोधराने तो निरोप तसाच सरांना पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"माझं उत्तर पुसून टाक," ते म्हणाले.

"पुसलं तर उद्या आणखी कुणीतरी हेच सांगेल, सर. ते राहू द्या. मी धागा उघडते, ते का चुकलं हे त्याखाली तुम्हीच लिहा."

पलीकडे कीबोर्ड जवळ ओढल्याचा आवाज आला.

"उघड," सर म्हणाले.